रात्र : झोप – चुकीची जोडी कुणाची?

मंडळी, आज खड्डे नाहीत, पाणी नाही, अंजूरफाट्याचं ट्रॅफिकही नाही. आज एका दोन गुणांच्या प्रश्नाबद्दल लिहायचंय. पोस्ट लांब झालीय, पण घरात चौथी ते आठवीतलं पोर असेल किंवा कुणी पोलीस भरतीची तयारी करत असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

मी शिक्षक नाही. सायझिंगच्या ऑफिसात हिशेब लिहिणारा माणूस. पण काही वर्षांपासून रविवारी सकाळी चाळीतल्या पुढच्या खोलीत आजूबाजूच्या दहा-बारा मुलांना घेऊन बसतो. फी नाही. शिष्यवृत्तीचं बुद्धिमत्ता चाचणीचं पुस्तक आणि एक फळा, एवढंच भांडवल. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी उर्दू. आपल्या भिवंडीत हे काही नवीन नाही.

मागे एकदा पुस्तकातले प्रश्न संपले म्हणून मीच काही प्रश्न तयार केले. त्यातला एक असा :

गटात न बसणारी जोडी ओळखा.
(१) सकाळ : न्याहारी
(२) दुपार : जेवण
(३) रात्र : झोप
(४) पाऊस : छत्री

माझ्या डोक्यात उत्तर चौथं. तीन जोड्यांत दिवसाची वेळ आणि त्या वेळी आपण काय करतो ते. पाऊस ही काही दिवसाची वेळ नाही. सरळ प्रश्न. पाचवीतल्या एका मुलीने तिसरं लिहिलं. मी लाल फुली मारली. ती वही घेऊन उठली आणि म्हणाली, "सर, रात्री तर पप्पा मागावर असतात. झोपतात सकाळी येऊन. मग तीच जोडी चुकीची ना? पाऊस आला की छत्री लागतेच."

बारा तासांची रातपाळी म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. माझ्याच रजिस्टरमध्ये ती रोज लिहिली जाते. तरी प्रश्न काढताना ती माझ्या डोक्यात आली नाही. त्या दिवशी मी 'हं, बस' म्हणालो आणि पुढे गेलो. पण ते मनात राहिलं. हा प्रकार आला कुठून, कुणी आणला, आणि याला 'बुद्धिमत्ता' म्हणायचं कुणी ठरवलं, हे शोधत गेलो. जे हाती लागलं ते सांगतो.

सुरुवात पॅरिसमध्ये. १९०४ साली फ्रान्सच्या सरकारने एक आयोग नेमला. शाळा सक्तीची झाली होती आणि काही मुलं वर्गाबरोबर चालू शकत नव्हती; अशी मुलं ओळखायची कशी, हा प्रश्न होता. आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये तीस कामांची एक चाचणी बनवली. त्यात मुलाला विचारायचे, माशी आणि फुलपाखरू यांत फरक काय? लाकूड आणि काच यांत काय? कागद आणि पुठ्ठा यांत काय? आपल्या 'वेगळं पद ओळखा'ची ही पणजी म्हणायला हरकत नाही. एक गोष्ट नीट बघा, बिने मुलाला फरक सांगायला लावायचे. मूल बोलायचं, समोरचा ऐकायचा. आणि हेच बिने १९०९ मध्ये लिहून गेले की बुद्धी ही ठरलेली, न वाढणारी गोष्ट आहे असं मानणं क्रूर आहे. सरावाने, शिकवण्याने ती वाढते. ज्याला मदत लागेल त्याला शोधा, एवढाच त्यांचा हेतू.

बारा वर्षांत चाचणी अमेरिकेत सैन्यात गेली. १९१७ साली पहिल्या महायुद्धात रॉबर्ट यर्क्स यांच्या गटाने भरती झालेल्यांसाठी दोन चाचण्या केल्या. वाचता येणाऱ्यांसाठी 'अल्फा', न येणाऱ्यांसाठी 'बीटा'. सतरा लाखांहून जास्त जणांनी त्या दिल्या. एवढ्या माणसांचं म्हणणं ऐकणार कोण? मग पर्याय आले, खुणा आल्या, आणि उत्तरतालिका आली. अल्फामध्ये शब्दांच्या जोड्यांचा एक पूर्ण भाग होता : पहिल्या दोघांचं जे नातं, तेच तिसऱ्याचं कुणाशी? दुसऱ्या एका भागात अमेरिकेतल्या जाहिराती, खेळाडू, बाजारातला माल यावर प्रश्न होते. बोटीतून उतरून दोन-चार वर्षं झालेला इटलीचा किंवा पोलंडचा मजूर त्यात मागे पडणारच. तसा तो पडला. मग कार्ल ब्रिगम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये त्या गुणांवरून पुस्तक लिहिलं की अमुक देशांतून आलेले लोक बुद्धीनेच कमी. सात वर्षांनी, १९३० मध्ये, त्याच ब्रिगमने आपलं म्हणणं जाहीरपणे मागे घेतलं. पण मधल्या काळात त्याने अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाची 'सॅट' परीक्षा उभी केली होती (१९२६), आणि शब्दजोड्या तिथे जाऊन बसल्या होत्या.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे हा सगळा प्रकार गरिबांना बाहेर ठेवण्याचाच. मलाही तसंच वाटलं होतं. पण त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये उलटं घडत होतं.

इंग्लंडच्या उत्तर टोकाला नॉर्थम्बरलंड हा जिल्हा. तिथल्या अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं की दूरच्या खेड्यांतल्या कित्येक शाळांमधून शिष्यवृत्तीच्या परीक्षेला एकही मूल बसत नाही. तिथे हुशार मुलं जन्मालाच येत नाहीत असं तर होणार नाही. त्यांनी न्यूकॅसलच्या कॉलेजात शिकवणारे गॉडफ्रे थॉमसन यांना सांगितलं, असा पेपर काढा की ज्यात शाळा किती चांगली यापेक्षा मुलाचं डोकं दिसेल. थॉमसननी १९२१ मध्ये तो काढला, आणि ज्या शाळांची कुणी आशा केली नव्हती तिथली मुलं सापडली. थॉमसन स्वतः साध्या घरातले, शिष्यवृत्तीवर शिकलेले. १९२५ मध्ये ते एडिंबराला गेले आणि तिथल्या 'मोरे हाउस'मधून या चाचण्या इंग्लंडभर जाऊ लागल्या. पुढे त्यांच्या पेपरवरचं नाव बदललं. 'इंटेलिजन्स टेस्ट' जाऊन 'व्हर्बल रिझनिंग' आलं, म्हणजे शब्दांवरून तर्क. पेपरचं तोंडवळण तेच राहिलं, दावा मात्र लहान झाला. आम्ही तुमची बुद्धी मोजत नाही, शब्दांचं नातं ओळखता येतं का एवढंच बघतो.

आपल्या शिष्यवृत्तीच्या पेपरवर आज २०२० नंतरही 'बुद्धिमत्ता चाचणी' हेच नाव आहे. हे लक्षात ठेवा, शेवटी परत येऊ.

आपल्याकडे हे कसं आलं? लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातले सी. एच. राइस यांनी १९२२ मध्ये बिनेंची चाचणी हिंदुस्तानीत बसवली. मराठीचा मान व्ही. व्ही. कामत यांना. मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागात काम करताना त्यांनी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बिने चाचणी नव्याने तयार केली आणि १९४० मध्ये त्यावर पुस्तक आलं. नुसतं भाषांतर करून भागणारं हे काम नव्हतं. पॅरिसच्या पोराला जे शब्द अंगणातले, ते आपल्या पोराला परके. म्हणून तर 'बसवावी' लागते चाचणी, जशी नव्या मागाला फणी बसवावी लागते. पुढे १९६२ मध्ये अप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञानप्रबोधिनी सुरू केली. तिथे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या विचारावर चाचण्या तयार झाल्या. गिलफर्डचं म्हणणं असं की एकच बरोबर उत्तर शोधणं ही बुद्धीची एक बाजू, आणि एकाच प्रश्नाची अनेक उत्तरं सुचणं ही दुसरी. पर्यायांच्या पेपरात ही दुसरी बाजू मावत नाही.

आणि शिष्यवृत्ती परीक्षा. ती आपल्या राज्यात १९५४-५५ पासून. आधी चौथी-सातवीला होती, २०१६-१७ मध्ये पाचवी-आठवीला गेली. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. दोन पेपर, प्रत्येकी १५० गुण. दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्तेचे ५० प्रश्न, १०० गुण. म्हणजे एकूण ३०० पैकी तिसरा हिस्सा. आठवीतल्या गरीब मुलांसाठीची एनएमएमएस, ज्यात निवड झाली की बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात, तिथेही अर्धी परीक्षा याच प्रकाराची. पोलीस भरतीच्या शंभर गुणांच्या लेखीतही बुद्धिमत्ता आहेच. पहाटे धावून धावून मैदानी मारलेली आपली पोरं लेखीत दोन-चार गुणांनी जातात, ती बऱ्याचदा इथेच.

तर मग हे सुटतं कसं? इथे मला मदत झाली ती एका जुन्या माणसाची. सतराव्या शतकातले अन्नंभट्ट, मूळचे तेलुगू प्रांतातले मानले जातात. आपल्या पद्मानगरच्या मंडळींनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. 'तर्कसंग्रह' आणि त्यावर स्वतःच लिहिलेली 'दीपिका' हे त्यांचे ग्रंथ संस्कृत शिकणाऱ्यांना आजही पहिल्यांदा हातात देतात. एखाद्या गोष्टीची खूण सांगताना तीन चुका होतात असं तिथे सांगितलंय. गाय म्हणजे शिंगवाली, असं म्हटलं तर म्हैसही आत येते : खूण जास्त पसरली, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे तांबूस, म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते : खूण कमी पडली, ही अव्याप्ती. गाय म्हणजे एका खुराची, म्हटलं तर एकही गाय सापडणार नाही : हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी पोळी ही खरी खूण.

आता हेच जोडीच्या प्रश्नाला लावा.

(१) राजा : राणी
(२) कवी : कवयित्री
(३) वाघ : वाघीण
(४) भाऊ : वहिनी

पहिलं नातं सुचतं 'पुरुष : स्त्री'. चारही जोड्या बसल्या, कुणीच बाहेर नाही. अतिव्याप्ती, खूण घट्ट करा. दुसरं सुचतं 'नवरा : बायको'. राजा-राणी बसले, भाऊ-वहिनी बसले, पण कवी आणि वाघ दोन्ही बाहेर. दोन आत, दोन बाहेर. अव्याप्ती, खूण सैल करा. तिसरं, 'त्याच शब्दाचं स्त्रीरूप'. तीन बसले, एक बाहेर. भाऊचं स्त्रीरूप बहीण, वहिनी नव्हे. उत्तर चार.

एवढंच आहे. नातं एका पूर्ण वाक्यात बोलायचं. ते वाक्य चारही जोड्यांना लावायचं. तीन आत आणि एक बाहेर आली तरच थांबायचं. आणि जोडीतला क्रम बघायचा, कारण 'कुंभार : माती' आणि 'माती : कुंभार' हे परीक्षेत वेगळं असतं. आमच्या खोलीत मुलांना मी पर्यायावर खूण करूच देत नाही, आधी वाक्य बोला म्हणतो. दोन महिन्यांत फरक दिसतो. जी गोष्ट दोन महिन्यांत शिकवता येते, तिला जन्मजात बुद्धी कसं म्हणायचं?

पण एवढ्याने सगळं भागत नाही. याच प्रश्नावर घरी तेलुगू बोलणारा एक मुलगा अडला होता. त्याची 'वदिना' म्हणजे मोठ्या भावाची बायको, पण वयाने मोठ्या मामेबहिणीला, आत्येबहिणीलाही तोच शब्द. त्याच्या घरातली नात्यांची वीणच वेगळी. 'वहिनी' कानावर पडली की त्याला आधी घरची माणसं आठवतात, व्याकरण नंतर. हा पेपर मराठीबरोबर उर्दू, तेलुगू, कन्नड अशा माध्यमांतूनही होतो. गणिताचा प्रश्न भाषांतर केला तरी गणितच राहतो. शब्दांच्या जोडीचं तसं नाही. भाषा बदलली की नातं हलतं.

आणि उलटंही होतं बरं का. एकदा हे विचारलं : (१) सुतार : लाकूड (२) सोनार : सोनं (३) विणकर : कापड (४) कुंभार : माती. प्रश्न वाचून संपायच्या आत अर्धा वर्ग ओरडला, "तीन! कापड तर शेवटी निघतं, आत सूत जातं." पुण्या-मुंबईच्या चांगल्या शाळेतल्या पोराला इथे दोन मिनिटं लागतील, कारण त्याच्यासाठी कापड दुकानातून येतं. त्या दोन मिनिटांपुरती आमची पोरं 'हुशार' आणि ती 'ढ' असं कुणी म्हणेल का? नाही ना. मग उलट्या वेळी का म्हणता?

अमेरिकेत 'सॅट'मध्ये एक जोडी फार गाजली होती. 'धावपटू : मॅरेथॉन' असेल, तर 'वल्हवणारा : काय?' उत्तर होतं 'रेगाटा', म्हणजे श्रीमंत कॉलेजांतल्या होड्यांच्या शर्यती. ज्यांनी अशा शर्यती कधी पाहिल्याच नाहीत त्या पोरांनी काय करायचं, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. शेवटी २००५ मध्ये शब्दजोड्यांचा अख्खा भागच परीक्षेतून गेला. आपल्याकडे २०१४ मध्ये यूपीएससीच्या सीसॅटवरून दिल्लीत मुलं रस्त्यावर आली, आणि २०१५ पासून तो पेपर फक्त ३३ टक्क्यांनी पास होण्यापुरता राहिला. परीक्षा म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. लोक बोलले की ती बदलते.

माझं म्हणणं हा प्रकार बंद करा असं नाही. नॉर्थम्बरलंडच्या खेड्यातली पोरं याच पेपराने वर आली, हे मी विसरत नाही. आपल्या शांतीनगर, नारपोली, गैबीनगरच्या गल्लीतलं पोर, ज्याच्याकडे क्लास नाही, टेबल नाही, शांत कोपरा नाही, ते इतिहास-भूगोलाच्या पाठांतरात मागे पडेल. पण जोड्यांच्या प्रश्नात फक्त डोकं लागतं, आणि डोकं आहे. अट एकच, प्रश्नातले शब्द त्याच्या ओळखीचे हवेत आणि पद्धत कुणीतरी दाखवायला हवी.

म्हणून तीन गोष्टी मागतो.

एक, महापालिकेच्या मराठी, उर्दू, तेलुगू सगळ्या शाळांत पाचवीपासून आठवड्याला एक तास फक्त यासाठी ठेवा. पैसे लागत नाहीत. फळा लागतो.

दोन, परीक्षा झाल्यावर परिषद आधी अंतरिम उत्तरसूची लावते आणि ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन आक्षेप घेते. त्यानंतर अंतिम सूची येते. ही खिडकी सगळ्यांसाठी उघडी असते. एखाद्या प्रश्नाला दोन उत्तरं निघत असतील, उर्दू किंवा तेलुगू पेपरात नातं बदलत असेल, तर कारणासकट लिहून पाठवा. पालकांना जमत नसेल तर शाळेतल्या सरांनी पाठवावं. तेही जमत नसेल तर माझ्याकडे या, बसून लिहू.

तीन, नाव बदला. 'शब्दतर्क' म्हणा, 'तर्क चाचणी' म्हणा. 'बुद्धिमत्तेत पन्नासपैकी अठरा' हे ऐकून घरी जाणारं दहा वर्षांचं पोर काय समजतं, ते एकदा त्याच्या तोंडाकडे बघून कळतं. जिथून हा पेपर आला तिथे ते नाव काढून टाकून जमाना झाला.

राहिली ती मुलगी. पुढच्या रविवारी तिला फळ्यापाशी बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, प्रश्न माझा कच्चा होता. तिला म्हटलं, तुझं नातं वाक्यात सांग. ती म्हणाली, "तीन गोष्टी सगळ्यांच्या घरी होतात, एक आमच्या घरी होत नाही." तीन आत, एक बाहेर. अन्नंभट्टांनाही खोट काढता आली नसती. मग तिला हेही सांगितलं की परीक्षेत मात्र चार लिहायचं, कारण पेपर काढणाऱ्याला तुझे पप्पा माहीत नाहीत. तिने मान डोलावली. वहीतली फुली मी खोडली नाही, शेजारी बरोबरची खूण केली. दोन्ही राहू देत.

आता प्रश्न काढताना मी आधी विचार करतो, हा कुणाच्या घरातून बघून काढलाय? तुम्हीही घरी पोराचं उत्तर चुकलं तर फुलीच्या आधी एकदा विचारा, "तुला कसं वाटलं?" बिने तरी दुसरं काय करत होते?

बघा पटतंय का. तुमच्या पोरांनी दिलेली अशी 'चुकीची' उत्तरं असतील तर खाली लिहा. पुढच्या रविवारी फळ्यावर घेतो.